तीन नंबरचं दार

आमच्या सोसायटीत चोरांची टोळी शिरल्याची बातमी मीच पसरवली, हे आधी कबूल करून टाकते. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. ती टोळी म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सदुसष्ट वर्षांचे झुंबर आबा होते, हेही सांगून टाकते. एवढं बोलून झालं, आता पुढचं सांगायला मी मोकळी.

मी विजया. माहेर राजापूरचं, संसार मात्र सगळा सिल्वासात. इथल्या शाळेत सत्तावीस वर्षं गणित शिकवते आहे. नवरा, वसंत, सरकारी कचेरीत. पंचवीस वर्षं आम्ही बाजारामागच्या जुन्या वस्तीत भाड्याने काढली. तिथे शेजारीण फोडणी घालायची आणि ठसका आम्हाला लागायचा. नळाला पाणी आलं की आधी भांडण व्हायचं, मग हंडे भरायचे. दोन वर्षांपूर्वी सामरवरणीच्या रस्त्याला ‘गुलमोहर ग्रीन्स’ उभी राहिली आणि आम्ही तिथे फ्लॅट घेतला. नावाला जागायला म्हणून गेटापाशी एक गुलमोहर लावला आहे, तो अजून माझ्या कमरेला येतो. चार विंग, दोन बागा, गाड्यांना आखलेल्या जागा, प्रत्येक दारावर नंबर, आणि लिफ्टमध्ये तेवीस नियमांची यादी. सगळं कसं जिथल्या तिथे. मला ते आवडलं, अजूनही आवडतं. जुन्या वस्तीच्या आठवणीने ज्यांना उमाळे येतात त्यांनी खुशाल तिकडे परत जावं, त्यांचं सामान बांधायला मी मदत करीन.

म्हणूनच गेल्या दिवाळीत समोरच्या फ्लॅटमध्ये आबा आले तेव्हा मी जरा सावध होते. धुळे जिल्ह्यातला माणूस, शिरपूरकडचा. पस्तीस वर्षांपूर्वी इथल्या धाग्याच्या कारखान्यात लागला आणि तेव्हापासून सामरवरणीतल्या एका चाळीच्या एकाच खोलीत राहिला. आठ खोल्यांसमोर आठ खोल्या, मध्ये गल्ली, गल्लीत एक नळ. चाळ इथून दीड किलोमीटरवर. मुलगा समाधान, सून ममता आणि सात वर्षांची नात सोनी यांच्याबरोबर आबा आले. आता हे रोज माझ्यासमोर सुस्कारे सोडणार, असं धरून मीच विषय काढला.

“आबा, करमतं का इथे? जुनी जागा, जुनी माणसं...”

“मॅडम,” आबा म्हणाले, “जुनं ते सोनं म्हननाऱ्याच्या हातात एक टमरेल द्या आन् सकाळी साडेपाचले आमच्या चाळीत रांगेत उभं करा. मंग विचारा.”

तिथेच माझं आणि आबांचं जमलं.

त्यांना लिफ्टचं भारी कौतुक. दिवसातून तीनदा खाली-वर करायचे. लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला नमस्कार-चमत्कार न करता पहिला प्रश्न, “कुठली शिफ्ट?” लोक गोंधळायचे, पण उत्तर द्यायचे. मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, सकाळची शाळा. “म्हंजे फस्ट,” असं म्हणून त्यांनी मान हलवली. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची सवय.

ममताचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापायी झालं. ती एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन चाळीत आली, बारावी पास. तिला शिकायचं होतं. समाधानपेक्षा आबांनीच ते मनावर घेतलं. नर्सिंगचा फॉर्म आबांनी आणला, परीक्षेच्या दिवशी तान्ह्या सोनीला मांडीवर घेऊन आबाच केंद्राबाहेर बसले. आता ती मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. आबा लिफ्टमध्ये अनोळखी माणसालासुद्धा हे सांगतात, आणि मजला आला तरी गोष्ट संपली नसेल तर दार धरून ठेवतात.

महिन्यातले पंधरा दिवस तिला नाईट असते. रात्री आठ ते सकाळी आठ. पावणेनऊला घरी यायची, अंघोळ करून आडवी व्हायची आणि मग आमची आखीव सोसायटी जागी व्हायची. कचरेवालीची बेल. इस्त्रीवाल्याची बेल. कुरिअर, केबलवाला, पुन्हा कुरिअर. दाराची बेल बंद ठेवली तर लोक हाताने दार बडवायचे, आणि आमचे सेक्रेटरी नीलेशभाई इतके कर्तव्यदक्ष, की त्यांनी न विचारता इलेक्ट्रिशियन पाठवून बेल दुरुस्त करवली. ‘कृपया बेल वाजवू नये’ असा कागद ममताने दाराला चिकटवला, तो चौदाव्या नियमात बसला नाही. दारावर काहीही चिकटवायचं किंवा लिहायचं नाही असा तो नियम आहे. नीलेशभाईंनी कागद काढला, घडी करून पुन्हा तिलाच नेऊन दिला. अर्थात बेल वाजवून.

माझंही पाप आहे यात. मी शाळेत असताना माझी पार्सलं कुठे ठेवायची, असं कुरिअरवाल्याने विचारलं की मी फोनवर सांगायचे, “समोर दे ना, ती दिवसा घरीच असते.” घरीच असते. झोपलेली असते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी मी सुट्टीत घरी होते. दारं समोरासमोर असली की ऐकू येतं, आणि मी ऐकते. ममता आबांना सांगत होती, “काल इंजेक्शन भरता भरता डोळा लागला, आबा. दोन सेकंद. दचकून जागी झाले तर सुई हातात. कुणाचा जीव जाईल माझ्या हातून. मी सोडते. पत्र लिहून ठेवलंय पर्समध्ये, महिन्याच्या शेवटच्या दिवशी देते.”

आबांनी पुटपुटत दिवस मोजले. मग म्हणाले, “अजून बारा दिवस आहेत.”

संध्याकाळी ते माझ्या दारात आले. “मॅडम, तुमच्याकडे खडू असतील ना?” मला वाटलं सोनीला पाहिजेत. मी कपाटातून आख्खी पेटी काढून दिली, वर शाळेचा शिक्का असलेली. कशाला, म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर दाराच्या खालच्या कोपऱ्यात खडूने ‘१’ लिहिलेला. समोरच्या दारावर ‘३’. मी जिन्याने वर गेले, खाली गेले. आमच्या विंगच्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दारांवर आकडे. कुठे १, कुठे २, चार ठिकाणी ३, आणि पुष्कळ दारांवर ०.

आता मी गणिताची बाई. आकडे दिसले की उत्तर काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. शून्य म्हणजे दिवसा घर रिकामं, एक म्हणजे एकटी बाई, तीन म्हणजे तीन माणसं, नाद सोडा. चोर आधी येऊन खुणा करून जातात, हे आपण सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतंच. मी फोटो काढले, ग्रुपवर टाकले आणि खाली सविस्तर समजावून सांगितलं. दहा मिनिटांत चारही विंगा जाग्या झाल्या. कोणी कुलपं बदलली, कोणी दागिने बहिणीकडे नेऊन ठेवले. संध्याकाळी तोच मेसेज मला वापीहून माझ्या नणंदेने पाठवला, तोपर्यंत टोळीत अकरा जण झाले होते.

नीलेशभाईंनी कॅमेऱ्याचं चित्रण तपासलं आणि रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये सभा बोलावली. मोठ्या पडद्यावर आमची लिफ्ट दिसली. लिफ्टमधून धोतर-टोपीतला एक माणूस बाहेर आला, दारापुढे वाकला, खडूने आकडा काढला, थोडा मागे सरून तो नीट आला का ते बघितलं आणि पुढच्या दाराकडे गेला.

“आ तो आपणा आबा छे,” नीलेशभाई म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते पटत नव्हतं.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आबा उभे राहिले. शेजारी समाधान मान खाली घालून बसला होता.

“व्हय, मीच लिहेल आहे,” आबा म्हणाले. “चोर कोन म्हनलं ते माले माहीत नाही. आमच्या चाळीत तर दर सोमवारी मीच लिहायचो.”

आणि मग त्यांनी सांगितलं. चाळीत सगळे कारखान्यात, शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. गल्ली इतकी अरुंद की एकाने खोकलं तर सोळा घरांना कळायचं. पहिल्या वर्षी जयवंत नावाचा शेजारी रातपाळी करून आला आणि दिवसभर त्याला कोणी झोपू दिलं नाही. त्या रात्री मशिनवर त्याचा डोळा लागला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. “त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खडू आनला. पहिली शिफ्ट एक, दुसरी दोन, रातपाळी तीन. तीन लिहेल दार असलं की तिथं कोनी हाक मारायची नाही, कपडे आपटायचे नाहीत, पोरांनी गोट्या खेळायच्या नाहीत. जयवंतानंतर आमच्या चाळीत कोनाचं बोट गेलं नाही.”

“पण शून्य?” कोणीतरी विचारलं.

“शून्य म्हंजे घरीच असतात. रिटायर. त्यांची बेल वाजवा, त्यांच्याकडे पार्सल ठेवा, त्यांना बरंच वाटंल. मी बी शून्यच आहे. फक्त तीनले हात लावू नका.”

पहिल्या मजल्यावरचा ओंकार उठला. कारखान्यात रातपाळीचा सुपरवायझर आहे तो, एकटाच राहतो. “दोन वर्षं मी कानात कापूस घालून झोपतोय,” तो म्हणाला. “इथे आणखी तिघं आहेत हे मला आज कळलं.”

“पण आबा, आधी विचारायचं तरी,” नीलेशभाई म्हणाले.

“चाळीत कोनी विचारत नव्हतं. माले वाटलं, कारखान्याचं गाव आहे, हे सगळ्यांनाच माहीत असंल.”

लोक हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. मग कोणीतरी विचारलं की एवढा खडू आला कुठून, आणि आबांनी पिशवीतून शाळेच्या शिक्क्याची पेटी काढून टेबलावर ठेवली. आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्या बाईने टोळी शोधून काढली, हत्यारंही तिनेच पुरवली होती. मी उभी राहून तसं सांगितलं. वसंत हळूच म्हणाला, “गणित बरोबर होतं तुझं, फक्त उदाहरण दुसरं होतं.” त्याला घरी गेल्यावर मी दुसऱ्याच कारणावरून बोलून घेतलं.

नियम म्हणजे नियम. आकडे पुसायचे ठरलं. आबांनी ओलं फडकं घेतलं आणि अठ्ठावीस दारं एकट्याने पुसली. मी मदतीला जायला हवं होतं. गेले नाही. लाज वाटत होती आणि लाज वाटली की मला राग येतो. रात्री समोरून समाधानचा आवाज आला, “आबा, आपण आता चाळीत राहत नाही.” आणि ममताचा, “माझ्यासाठी तुमचं हसं झालं. आता तर मी नक्की सोडते.”

पुढचा रविवार म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. सकाळी नऊला मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दार उघडलं तर आबा आपल्या दारासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले. पायाशी सोनी रंगवत होती. आबांनी ओठांवर बोट ठेवलं.

“झोपली का?” मी कुजबुजले.

“आत्ताच. आज खडू नाही, तं मीच बसतो. माझ्यावर काही नियम नाही.”

मी आत गेले, माझी खुर्ची आणली, सोलायला लसूण आणला आणि त्यांच्या शेजारी बसले. माफी मागायला हवी होती, पण मला ते नीट जमत नाही. आबांनी चार पाकळ्या उचलल्या आणि सोलायला लागले.

सुरंगीहून येणारी कचरेवाली आली. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिचा नवरा कारखान्याच्या गेटावर रात्रीचा वॉचमन आहे. आबांनी दाराकडे बोट दाखवून नुसतं “नाईट” म्हटलं आणि तिने बादली जमिनीला टेकू न देता उचलून नेली. कुरिअरवाल्याला मात्र समजायला वेळ लागला. पार्सल माझं होतं, मी समोर बसलेली होते, तरी त्याचा हात सवयीने ममताच्या बेलकडे गेला. मी तो हात मनगटाला धरून थांबवला. शाळेत कॉपी करणाऱ्याचा धरते, तसाच.

दहा वाजता नीलेशभाई आले. जाण्यायेण्याच्या वाटेत खुर्च्या ठेवायच्या नाहीत, हा नववा नियम. त्यांनी बोलायला तोंड उघडलं तसं आबांनी पुन्हा बोट ओठांवर ठेवलं आणि खुर्चीवरून उठून ती खुर्चीच त्यांना देऊ केली. नीलेशभाई संकोचून पायरीवर बसले. त्यांचे गुडघे दुखतात, बसले की लगेच उठवत नाही. तेवढ्यात आबा कुजबुजत चाळीच्या गोष्टी सांगायला लागले होते.

जयवंताच्या लग्नाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. वरात निघाली तेव्हा चार खोल्यांवर तीन होता. म्हणून बँडवाल्यांना गल्ली संपेपर्यंत वाजवू दिलं नाही. पुढे घोड्यावर नवरदेव, मागे ढोल गळ्यात अडकवलेले बँडवाले, आणि पन्नास माणसं पाय न वाजवता चाललेली. “बघनाऱ्याले वाटलं घोडाच चोरून नेतात,” आबा म्हणाले. नीलेशभाईंनी हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. शेजारच्या तानूबाईला तर नवऱ्याशी भांडायचं असलं तरी कुजबुजत भांडावं लागायचं. नवऱ्याला काही ऐकू यायचं नाही, तो आपला प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा. “त्या घरात कधी वाद वाढला नाही.”

आबा इतके हळू बोलत होते की ऐकायला जवळ सरकावं लागायचं. वरच्या मजल्यावरच्या काकू पायरीवर माणसं बसलेली पाहून काय झालंय ते विचारायला आल्या आणि बसल्या. त्यांना बोलवायला त्यांचे यजमान आले, तेही बसले, मग खालून-वरून आणखी तिघं. वसंत चहाचा ट्रे घेऊन आला, कप-बशा न घेता नुसते स्टीलचे पेले आणले होते, बशी वाजते म्हणून. मला त्याचं फार बरं वाटलं, पण मी तसं त्याला सांगितलं नाही.

दीड वाजता कसोटीची वेळ आली. इस्त्रीवाला कपड्यांचं गाठोडं खांद्यावर घेऊन, मोठ्याने गाणं म्हणत खालून जिना चढू लागला. सगळे जागच्या जागी थिजलो. आणि ज्यांना पायरीवरून उठवत नव्हतं ते नीलेशभाई उठले, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी दोन-दोन पायऱ्या उतरत गेले. गाणं मधेच तुटलं. थोड्या वेळाने ते धापा टाकत परत आले ते गाठोडं घेऊनच. “हुं आपी दईश बधाने, मीच देतो सगळ्यांना,” ते हळूच म्हणाले. खरोखरच त्यांनी दुपारभर पायरीवर बसून आख्ख्या विंगचे इस्त्रीचे कपडे ज्याचे त्याला वाटले.

तीन वाजता खालून ओंकार आला. केस विस्कटलेले, डोळे टवटवीत. “मी झोपलो,” एवढंच तो म्हणाला आणि आमच्यात बसला.

चार वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. ममता मोकळ्या केसांनी, पदर सावरत दारात उभी राहिली. समोर पायऱ्यांवर, खुर्च्यांवर, भिंतीला टेकून आम्ही अकरा माणसं गप्प बसलेलो. सेक्रेटरी अनवाणी, चपला मांडीवर. तिचा चेहरा पांढराफटक पडला. दारासमोर इतकी माणसं अशी कधी बसतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिने आधी सोनीला शोधलं, ती दिसली, मग आबांना पाहिलं.

“आबा,” ती म्हणाली, “कोण गेलं? हे कुठे आहेत?”

“समाधान कामावर आहे, बेटा. कोनी नाही गेलं,” आबा म्हणाले. “तू झोपेल होती.”

तिला कळायला वेळ लागला. तिने किती वाजले विचारलं, ओंकारने सांगितलं. तिने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. सात तास. मग ती उंबऱ्यावरच बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता नीलेशभाईंच्या मांडीवरच्या चपला पाहून हसायला लागली. मीही रडले. वरच्या काकूही रडल्या. काही कारण नव्हतं, आणि चांगलं वाटलं.

आबांनी दबकत विचारलं, “आन् ते पत्र?” तिला झोपेतून उठून बारा मिनिटं झाली असतील, पण आबा सवयीने अजून कुजबुजतच होते.

ममताने पदराने तोंड पुसलं. सोनीची वही सकाळपासून रंगवून संपली होती आणि ती पुठ्ठ्यावर काढत होती, तिकडे तिने पाहिलं.

“पर्समध्ये आहे, आबा. मागची बाजू कोरी आहे त्याची. सोनीला द्या.” आणि ती डबा भरायला आत गेली, कारण आठची ड्यूटी होती.